मेयोचा पॉल ओ'ड्वायर आणि न्यूयॉर्कची इंग्रजीची परीक्षा

प्रकरण थोडक्यात असं. जुलै 1963, न्यूयॉर्क शहर. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावर जन्मलेली, तिथेच शाळा शिकलेली एक बाई मतदार म्हणून नाव नोंदवायला जाते. ती अमेरिकेची नागरिक आहे, आणि तेही जन्मापासून, कारण पोर्तो रिकोच्या लोकांना 1917 च्या कायद्याने नागरिकत्व मिळालेलं आहे. शहरात राहायला येऊन तिला जवळपास पंधरा वर्षं झालीयेत. वय, वास्तव्य सगळं नियमात बसतं. तरी तिचं नाव घेत नाहीत, का, तर इंग्रजी लिहिता-वाचता येतं हे आधी सिद्ध करा. तिचं म्हणणं, मला स्पॅनिश येतं, इथली स्पॅनिश वर्तमानपत्रं मी वाचते, निवडणुकीचं सगळं त्यात येतं, मग मी अडाणी कशी? पण न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात स्पॅनिशला जागाच नव्हती.

हे प्रकरण पुढे 'कार्डोना विरुद्ध पॉवर' या नावाने (कार्डोना म्हणजे हीच बाई) थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, आणि एप्रिल 1966 मध्ये तिच्या बाजूने युक्तिवाद करायला उभा राहिला पॉल ओ'ड्वायर, जो स्वतः आयर्लंडहून आलेला स्थलांतरित आणि नुकताच नगरसेवकपदावरून उतरलेला. मला या माणसाबद्दल लिहायचंय ते याच खटल्याच्या अंगाने, कारण त्याचं एरवीचं आयुष्य इतकं भरगच्च आहे की सगळं सांगत बसलं तर मुद्दा हातातून निसटतो. आणि मुद्दा माझ्या मते हा आहे, की जी परीक्षा या बाईला आडवी आली ती पॉलला कधी जाणवलीसुद्धा नसेल, इंग्रजी त्याला घरातच मिळालं होतं, आणि तरी त्याने स्वतःच्या लोकांना मिळालेली ती सवलत योग्य मानली नाही.

आता थोडं मागे जाऊ. काउंटी मेयो म्हणजे आयर्लंडचा पश्चिमेकडचा भाग, खडकाळ, गरीब, 1840 च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळात अक्षरशः पिळून निघालेला. तिथल्या बोहोला नावाच्या खेड्यात 29 जून 1907 ला पॉल जन्मला, अकरा भावंडांतलं शेंडेफळ. आईवडील दोघेही शाळामास्तर. म्हणजे घरात पुस्तकं होती पण पैसा नव्हता, हे आपल्याकडच्या मास्तरांच्या घरांतही अगदी ओळखीचं आहे. पोरगा शाळेत असतानाच इंग्रजांविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध झालं, 1919 ते 1921, आणि त्यानंतर लगेच आयरिश लोकांचं आपापसातलं यादवी युद्ध. बंदूकधारी शिपाई, झडत्या, भावाविरुद्ध भाऊ हे सगळं त्याने न कळत्या वयात बघितलं. पुढे आयुष्यभर सरकारी दडपशाही म्हटलं की तो जो पेटून उठायचा त्याचं मूळ इथे शोधायला हरकत नाही.

त्याचा थोरला भाऊ विल्यम. हा आधी पाद्री व्हायला स्पेनमध्ये सालामांकाला गेलेला, ते सोडून 1910 मध्ये न्यूयॉर्कला निघून आला, तेव्हा पॉल तीन वर्षांचा होता. म्हणजे भाऊ आहे हे माहीत, पण चेहरा आठवत नाही असा प्रकार. विल्यमने मजुरी केली, बोटीवर कोळसा ओढला, पोलीस झाला, रात्री शिकून वकील झाला, मॅजिस्ट्रेट, ब्रुकलिनचा सरकारी वकील आणि शेवटी 1946 मध्ये न्यूयॉर्कचा महापौर. पॉल 1925 मध्ये मागोमाग आला. त्यानेही पडेल ती कामं केली, गोदीवर राबला, आणि सेंट जॉन्सच्या लॉ स्कूलमधून 1929 मध्ये पास झाला. पण वकिलीची सनद घ्यायला नागरिकत्व लागायचं, त्यामुळे ती मिळायला 1931 उजाडलं.

इथे एक गोष्ट नीट बघितली पाहिजे, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. 1924 मध्ये अमेरिकेने देशवार कोटे ठरवणारा कायदा केला होता. त्यात आयर्लंडच्या नव्या राज्याला वर्षाला 28,567 जागा, आणि इटलीसारख्या कितीतरी मोठ्या देशाला फक्त 3,845. आशियातल्या लोकांना तर जवळपास दार बंदच. आपल्या लोकांचं काय होतं? 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला होता, आणि ते 1946 पर्यंत तसंच चाललं. म्हणजे 1925 मध्ये मेयोतला अठरा वर्षांचा पोरगा धक्क्यावर उतरला तेव्हा त्याला पाच-सहा वर्षांत नागरिक, वकील, मतदार होता येणार होतं, आणि पुण्या-मुंबईतून गेलेला त्याच वयाचा, त्याच्याइतकाच शिकलेला पोरगा यातलं काहीच होऊ शकत नव्हता. आयरिश लोकांनी अमेरिकेत फार सोसलं हे खरंच आहे, त्यांच्या धर्मावरून, गरिबीवरून त्यांना भरपूर हिणवलं गेलं, पण 1920 च्या दशकात येणाऱ्या आयरिश माणसाच्या हातात गोरी कातडी आणि इंग्रजी भाषा अशी दोन मोठी तिकिटं होती.

आणि नेमकी त्याच काळात न्यूयॉर्क राज्याने इंग्रजीची अट आणली. 1921 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती झाली की नव्या मतदाराला इंग्रजी लिहिता-वाचता आलं पाहिजे. वरवर बघितलं तर कुणालाही पटेल, मतदार शिकलेला असावा यात वाईट काय. पण ही मागणी आली कुठून हे बघितलं की चित्र बदलतं. पूर्व आणि दक्षिण युरोपातून येणारे ज्यू, इटालियन वगैरे लोक मतदार यादीत शिरू नयेत ही भावना त्यामागे होती, राज्याच्या घटना परिषदेत 1915 मध्येच तसं उघड बोललं गेलं होतं. पोर्तो रिकोचे लोक तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हते. जाळं एकासाठी टाकलं आणि चाळीस वर्षांनी त्यात दुसरेच अडकले, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकोहून लोकांचा लोंढा न्यूयॉर्कला आला आणि 1960 पर्यंत शहरात त्यांची संख्या सहा लाखांच्या वर गेली.

अट नेमकी कशी चालायची तेही सांगतो. एक तर सहावीपर्यंतचं शिक्षण झाल्याचा दाखला दाखवायचा, पण शाळा इंग्रजी माध्यमाचीच हवी, पोर्तो रिकोतली असली तरी. नाहीतर राज्याच्या शिक्षण खात्याची परीक्षा द्यायची, इंग्रजीत. आता पोर्तो रिकोतल्या सरकारी शाळांचं माध्यम स्पॅनिश, आणि त्या शाळा कुणाच्या, तर अमेरिकेच्याच झेंड्याखाली चालणाऱ्या. म्हणजे अमेरिकेने चालवलेल्या व्यवस्थेत मुलगी शिकली, अमेरिकेने तिला नागरिक म्हटलं, विमानात बसून ती त्याच देशातल्या दुसऱ्या शहरात आली, आणि तिथे तिला सांगितलं की तुझा दाखला इथे चालत नाही. तिच्या घरातला मुलगा वयात आला की त्याला लष्करात बोलावताना मात्र इंग्रजी येतं का हे कुणी विचारत नव्हतं. हा विरोधाभास मला फार खुपतो.

आता पॉल या सगळ्यात का पडला? सरळ राजकीय हिशेब लावणारे म्हणतील की तो मॅनहॅटनचा नेता, तिथल्या ईस्ट हार्लेममध्ये पोर्तो रिकोचे लोक भरपूर, त्यांना मत मिळालं तर फायदा कुणाचा. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. 1963 मध्ये तो सिटी कौन्सिलवर निवडून आला तो मॅनहॅटनच्या संपूर्ण बरोमधून (बरो म्हणजे न्यूयॉर्कच्या पाच मोठ्या विभागांपैकी एक). तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रत्येक बरोला असे दोन नगरसेवक सगळ्या बरोतून निवडायचे असत आणि एका पक्षाला एकच उमेदवार देता यायचा, म्हणजे दुसरी जागा आपोआप विरोधी पक्षाकडे जावी अशी ती सोय होती. वॉर्डातल्या नगरसेवकाला आपली गल्ली सांभाळली की भागतं, अख्ख्या बरोच्या नगरसेवकाला मात्र कृष्णवर्णीय, ज्यू, पोर्तो रिकन, आयरिश सगळ्यांच्या दारात जावं लागतं. तेव्हा हिशेब होता, नक्की होता.

पण नुसता हिशेब होता म्हणावं तर त्याच्या दहा-बारा वर्षं आधीचं स्टायव्हसंट टाउनचं प्रकरण आडवं येतं. मॅनहॅटनच्या पूर्व बाजूला मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने 1940 च्या दशकात पावणेनऊ हजारांच्या आसपास फ्लॅट्सची मोठी वसाहत उभी केली. जागा रिकामी करून द्यायला शहराने मदत केली, करात सूट दिली, आणि कंपनीचं धोरण काय, तर फक्त गोऱ्यांना घर. कोर्टात लढाई झाली आणि 1949 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, खासगी कंपनी आहे, तिची मर्जी. तिथल्याच काही गोऱ्या भाडेकरूंनी या धोरणाविरुद्ध समितीही काढली होती. ली लॉर्च नावाचा गणिताचा प्राध्यापक होता, त्याने आपला फ्लॅट एका कृष्णवर्णीय कुटुंबाला पाहुणे म्हणून राहायला देऊन टाकला. या धडपडीत त्याच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीने समितीतल्या 19 कुटुंबांना घराबाहेर काढायच्या नोटिसा दिल्या, आणि जानेवारी 1952 मध्ये वेळ अशी आली की घर रिकामं करवणारे सरकारी मार्शल येऊन सामान रस्त्यावर टाकणार. लोक दारं लावून आत बसून राहिले. या भाडेकरूंचा वकील होता पॉल ओ'ड्वायर. शेवटी तडजोड झाली, लॉर्चसकट मोजकी कुटुंबं स्वतःहून बाहेर पडली, बाकीच्यांच्या नोटिसा मागे गेल्या, आणि त्या कृष्णवर्णीय कुटुंबाला तिथे स्वतःच्या नावावर घर मिळालं.

यात पॉलला मतं मिळणार नव्हती. उलट तो मॅकार्थीवादाचा, म्हणजे जिथे तिथे कम्युनिस्ट शोधत फिरण्याचा काळ, असल्या समित्यांना सर्रास कम्युनिस्ट म्हणून झोडपलं जायचं, आणि शहरातला आयरिश कॅथलिक मतदार कम्युनिस्ट म्हटलं की लांब पळणारा. पॉल त्याआधी नॅशनल लॉयर्स गिल्ड या डाव्या वकील संघटनेचा न्यूयॉर्कमधला अध्यक्ष राहिलेला, 1948 मध्ये काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसाठी, उभा राहिला आणि रिपब्लिकन जेकब जाव्हिट्सकडून थोडक्यात हरला, त्यात भाऊ विल्यम 1950 मध्ये पोलीस लाचखोरीच्या गदारोळात महापौरपद सोडून मेक्सिकोला राजदूत म्हणून गेला. घराण्याचं नाव जपायचं असतं तर गप्प बसायला याहून चांगला काळ नव्हता. त्याच्या वकिलीचा धंदाही बघा, ऑस्कर बर्नस्टीन या ज्यू वकिलाबरोबरची भागीदारी, गोदी कामगार आणि युनियनवाल्यांची कामं. म्हणून मला वाटतं की 1963 साली पोर्तो रिकन मताचा प्रश्न समोर आला तेव्हा हिशेब आणि तत्त्व एका रेषेत आले, एवढंच. तत्त्व आधीपासूनच होतं.

खटल्यात पॉलचा मुद्दा समानतेचा होता. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देते, मग एका भाषेत साक्षर असलेली नागरिक आणि दुसऱ्या भाषेत साक्षर असलेली नागरिक यांच्यात मताच्या बाबतीत भेद कसा करता? न्यूयॉर्कच्या कोर्टांनी हे मानलं नाही. पण प्रकरण चालू असतानाच वॉशिंग्टनमध्ये वारं फिरलं. 1965 चा मतदान हक्क कायदा मुख्यतः दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांसाठी होता, त्यात न्यूयॉर्कचे दोन सिनेटर, रॉबर्ट केनेडी आणि तोच जाव्हिट्स, यांनी एक कलम घालून घेतलं, 4 (ई). अमेरिकेच्या झेंड्याखालच्या शाळेत सहावी पास झालेल्याला, शिकवणीची भाषा इंग्रजी नव्हती म्हणून मत नाकारता येणार नाही. लगेच न्यूयॉर्कमधल्याच काही मतदारांनी या कलमालाच आव्हान दिलं, ते प्रकरण 'कात्झनबाख विरुद्ध मॉर्गन'. दोन्ही प्रकरणं सुप्रीम कोर्टात एकदमच आली.

13 जून 1966 ला दोन्ही निकाल लागले. मॉर्गनमध्ये सात विरुद्ध दोन मतांनी कलम 4 (ई) टिकलं, न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निकाल लिहिला, काँग्रेसला असा कायदा करायचा अधिकार आहे म्हणून. आणि पॉलच्या खटल्यात? कोर्टाने खालचा निकाल रद्द केला पण मूळ प्रश्नाला हात लावला नाही. कारण त्या बाईने सहावी पूर्ण केली होती की नाही हे नोंदीवरून स्पष्ट नव्हतं, तेव्हा नव्या कलमात ती बसते का हे न्यूयॉर्कच्या कोर्टाने आधी बघावं, आणि नव्या कायद्यानंतर इंग्रजीच्या अटीचं उरलेलं अंग टिकतं का तेही त्यांनीच ठरवावं, असं म्हणून प्रकरण परत पाठवलं. डग्लस आणि फोर्टास हे दोन न्यायमूर्ती मात्र पॉलच्या बाजूचे होते, ही अट मुळातच समानतेच्या विरुद्ध आहे असं त्यांनी वेगळं लिहून ठेवलं.

बऱ्याच ठिकाणी या दिवसाबद्दल बोलताना फक्त मॉर्गनचं नाव येतं, कायद्याच्या पुस्तकातही तोच धडा मोठा. मला विचाराल तर कार्डोना खटल्यात मांडलेला प्रश्न जास्त खोल होता. मॉर्गनचा निकाल सहावी पास माणसाला वाचवतो. पण चौथीत शाळा सुटलेली, तरी रोज पेपर वाचणारी बाई? तिचं काय? पॉल नेमका तिच्यासाठी भांडत होता, आणि तिथे कोर्ट थांबलं. त्याचं उत्तर मिळायला 1970 पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा काँग्रेसने साक्षरतेच्या परीक्षा देशभर स्थगित केल्या, आणि 1975 मध्ये त्या कायमच्या गेल्या.

नगरसेवक म्हणून त्याची ती पहिली पाळी दोनच वर्षांची ठरली. 1965 मध्ये महापौरपदासाठी आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीला उभा राहिला आणि हरला. 1968 मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्ध यूजीन मॅकार्थीच्या (मॅकार्थीवादाचा मॅकार्थी तो वेगळा) बाजूने उतरला, सिनेटची उमेदवारी जिंकली, आणि जाव्हिट्सकडून पुन्हा हरला, वीस वर्षांनी त्याच माणसाकडून. मिसिसिपीत जाऊन कृष्णवर्णीय मतदारांसाठी वकिली केली. 1972 मध्ये टेक्सासमध्ये ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, बोलायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या पाच आयरिश न्यूयॉर्ककरांच्या मागे उभा राहिला. त्याच्यावर टीका करायला जागा आहे, 1940 च्या दशकात इर्गुन या ज्यू सशस्त्र संघटनेला शस्त्रं मिळवून द्यायला त्याने मदत केली होती, आणि उत्तर आयर्लंडच्या बाबतीत तो बंदुकीला फार सहज माफ करायचा असं मला वाटतं. ब्रिटिश साम्राज्य समोर असलं की दुसऱ्या बाजूला कोण मरतंय हा प्रश्न त्याच्याकडून कधीकधी मागे पडायचा. हे लपवून त्याची गोष्ट सांगणं बरोबर होणार नाही.

1973 मध्ये तो सिटी कौन्सिलचा अध्यक्ष म्हणून सगळ्या शहरातून निवडून आला आणि 1974 ते 1977 त्या खुर्चीत होता. नेमका हाच काळ शहराच्या दिवाळखोरीचा, 1975 मध्ये पगार द्यायला पैसे नाहीत अशी अवस्था, त्यामुळे मोठं काही उभं करायला वाव नव्हता. पण दोन कामं त्याची म्हणून राहिली. एक, शहराच्या झेंड्यावर आणि शिक्क्यावर 1664 हे साल होतं, ज्या वर्षी इंग्रजांनी डच लोकांकडून हे शहर घेतलं. पॉलने ते बदलून 1625 करायला लावलं, म्हणजे शहराची सुरुवात डच वसाहतीपासून मोजायची. नेमकं 1625 च का यावर इतिहासकारांनी हरकती घेतल्या, पण झेंड्यावर आजही तेच साल आहे. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं, शहराचे जुने कागद, दप्तरं सांभाळण्यासाठी स्वतंत्र खातं असावं म्हणून तो मागे लागला, आणि 1977 मध्ये ते खातं झालं. पैसे नसलेल्या शहरात जुन्या कागदांसाठी भांडणारा नगरसेवक विरळाच. त्याच वर्षी कॅरोल बेलामीकडून तो पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक हरला.

1990 मध्ये महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी त्याला संयुक्त राष्ट्रं आणि वकिलातींशी संबंध ठेवणारा आयुक्त नेमलं. वर्षभराने त्याने ते पद सोडलं, कारण उत्तर आयर्लंडबद्दल इंग्लंडविरुद्ध मोकळेपणाने बोलायचं तर अशा पदावर बसून बोलता येत नाही. वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. 23 जून 1998 ला तो गेला, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला सहा दिवस बाकी असताना.

इंग्रजीच्या अटीचं पुढे काय झालं तेवढं सांगून टाकतो. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्याच एका खटल्यात, 'टोरेस विरुद्ध सॅक्स', कोर्टाने सांगितलं की नुसती नोंदणी करून भागत नाही, मतपत्रिका आणि मतदान केंद्रावरची मदतही स्पॅनिशमध्ये हवी, नाहीतर नोंदलेलं नाव काय कामाचं. पुढच्याच वर्षी काँग्रेसने मतदान हक्क कायद्यात कलम 203 घातलं, एखाद्या भाषिक गटाची संख्या ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर त्या काउंटीने त्यांच्या भाषेत निवडणुकीचं साहित्य द्यायलाच हवं. त्यात स्पॅनिशबरोबर आशियाई आणि मूळ अमेरिकन भाषाही आल्या. 2011 मध्ये या कलमाखाली क्वीन्स काउंटीत भारतीयांसाठीही ही सोय लागू झाली, कोणती भाषा घ्यायची यावर चर्चा होऊन बंगाली ठरली, आणि 2013 पासून क्वीन्समधल्या मतपत्रिकेवर बंगाली छापून येऊ लागली.